मायाप्पा, चौथ्या खणात काही नव्हतं

मायाप्पा,

तुझ्या गावाच्या फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. एसटीतून उतरलो आणि समोर तूच. आपल्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला फोटो आहे, कोट घातलेला. कोट माझा होता. तुला तो दंडात घट्ट बसायचा म्हणून तू हात अंगापासून जरा लांब धरून उभा आहेस, त्यामुळे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक न वाटता फडात उतरायच्या तयारीतला पैलवान वाटतोस. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे तुझं नाव, आणि त्याखाली लाल अक्षरांत, 'विश्वाच्या पोटातले किरण शोधून काढणारे गावचे सुपुत्र'. सगळ्यात खाली शोकाकुल मंडळींच्या फोटोंची रांग, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. बिराप्पानं, तुझ्या चुलतभावानं, सांगलीला जाऊन स्वतः उभं राहून छापून आणलाय.

मला आधी हसू आलं. मग रडू आलं. आणि मग मी परतीच्या एसटीची वेळ विचारली, कारण त्या दिवशी तुझं उत्तरकार्य होतं आणि मांडवात चार शब्द बोलायचं मी कबूल केलं होतं. किरण शोधायला आपण दोघं वर्षानुवर्षं एका खोलीत बसलो, हे खरं. ते सापडले नाहीत, हेही खरं. आता तुझ्या आईवडिलांसमोर, बायकोसमोर, लेकीसमोर आणि त्या फ्लेक्ससमोर मी काय बोलणार होतो?

आपलं काम काय ते लोकांना सांगायची वेळ आली की तू नेहमी माझं गाव पुढं करायचास. मी कोयनानगरच्या वसाहतीत वाढलेला, वडील फौजेतून निवृत्त होऊन धरणावर पहाऱ्याला लागलेले. तू माझ्या खांद्यावर हात टाकून सुरू करायचास, "ह्येच्या गावाला जमीन हालती. हादरा बसला की मांडणीवरची भांडी वाजत्यात. काय तरी झालंय एवढं भांडी सांगत्यात, पन कुठं झालंय ते न्हाई सांगत. तसंच आभाळात हुतंय बगा." मग दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत फिरत कसे आदळतात, त्या आदळण्यानं सगळ्या अवकाशालाच कसा हादरा बसतो आणि परदेशातली दोन-अडीच मैल लांबीची यंत्रं तो हादरा कशी टिपतात, हे तू असं सांगायचास की समोरचा कंडक्टर तिकीट फाडायचा थांबायचा. "हादरा त्यांनी धरला. आमी उजेड हुडकतो. आदळल्यावर गॅमा किरणांचा एक झोत सुटत असणार, डोळ्याला न दिसनारा. त्यो कुठल्या बाजूनं आला ते कळलं तर कुठं झालं ते कळंल."

एवढंच आपलं काम. हादऱ्याची बातमी जगभर एकाच वेळी फुटायची, आपल्या फोनवरही यायची. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून आपल्या देशाच्या उपग्रहावर बसवलेल्या उपकरणाची नोंद पुण्याच्या गटाकडून आपल्याकडे यायची, आणि हादऱ्याच्या आगेमागे त्यात एखादी उसळी दिसते का ते आपण बघायचो. आपल्याला ते काम मिळालं ते तुझ्या चिकाटीमुळे. सांगलीच्या कॉलेजातल्या दोन मास्तरांना कोण विचारतो? पण तू पुण्याला इतक्या खेपा मारल्यास की शेवटी त्यांनीच म्हटलं, घ्या बाबा, तुम्हीही बघा.

आणि मला त्यात ओढलंस तेही तूच. तेव्हा मी प्रवेश परीक्षांचा क्लास काढायच्या बेतात होतो. जागा बघून झाली होती, बोर्डाचा मजकूरसुद्धा ठरला होता. तू एका संध्याकाळी घरी आलास, आईच्या हातची आमटी ओरपलीस आणि म्हणालास, "क्लास काय कवाबी काढशील रं. तारं काय रोज आदळत न्हाईत." मी चिडलो, बायको तर दोन दिवस तुझ्याशी बोलत नव्हती. पण क्लास काढला नाही. आज पाठीमागं वळून बघताना वाटतं, त्या आमटीच्या वाटीवर माझं पुढचं सगळं आयुष्य ठरलं आणि ते चांगलं ठरलं. हे तुला कधी तोंडावर म्हटलं नाही. आपल्याकडं मित्राचे आभार मानले तर त्याला वाटतं, ह्याचं काहीतरी बिनसलंय.

प्रयोगशाळेमागची बॅटऱ्या ठेवायची खोली आपल्याला मिळाली. ॲसिडचा वास शेवटपर्यंत गेला नाही. तिथं तू तुझा कायदा लावलास. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं. एकच नोंद दोघांनी वेगवेगळी तपासायची. आपलं उत्तर चिठ्ठीवर लिहायचं आणि दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर आल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. चहासुद्धा नंतर. मला हे सगळं फाजील सोवळं वाटायचं. एकदा तू म्हणालास, "तुझी खुर्ची करकरली की मला कळतंय तुला काय दिसलं. काय दिसलं न्हाई की तू मागं रेलतोस, काय दिसलं की म्होरं सरकतोस." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीच्या चारही पायांखाली गोणपाटाच्या घड्या होत्या. शिपायानं विचारलं तेव्हा तू गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस, "संतोष सरांना मूळव्याध हाय." महिनाभर सगळा स्टाफ मला ताक प्यायला सांगत होता.

तुझ्या भाषेचीही गंमत होती. वर्गात छापील मराठी, परिसंवादात कडक इंग्रजी, आणि माझ्यापाशी जतची बोली. पुण्याच्या एका पाहुण्यानं तुला कौतुकानं विचारलं होतं, तुम्ही अजूनही असं बोलता? तू म्हणालास, "व्हय. अजून मेलो न्हाई." आता हे आठवलं की हसावं का काय करावं कळत नाही.

खरी भांडणं व्हायची ती अहवाल लिहिताना. झोत दिसला नाही तर मी दोन ओळींत मोकळा व्हायचो: शोध घेतला, काही आढळलं नाही. तू ते वाचून बोट आडवं हलवायचास. "कुठं बघितलं ते लिव आदी." मग त्या वेळी आकाशाचा कुठला भाग आपल्या उपकरणासमोर होता, कुठला पृथ्वीच्या आड गेला होता, मधे किती वेळ उपकरण बंद ठेवावं लागलं, आणि झोत असलाच तर तो किती मंद असला पाहिजे की आपल्याला दिसला नाही, हे सगळं तू लिहायला लावायचास. अख्खी दुपार जायची, आणि सगळं होऊन शेवटचा शब्द 'नाही' हाच.

"न दिसनं येगळं आन न बघनं येगळं, संत्या. दोन्हीला मानूस न्हाईच म्हनतोय, पन त्या दोन न्हाई एक न्हवंत."

बरं, एवढं लिहून पाठवल्यावर तरी सुटका? नाही. तू पुण्याला फोन लावायचास. "सर, पाठवलंय. नाही आपल्या बाजूला. ही बाजू बघून झाली." पलीकडचा माणूस बिचारा म्हणायचा, हो हो, मेल मिळाली. मी तुला विचारायचो, लिहून पाठवलं की, मग फोन कशाला? तू खांदे उडवायचास. "सांगून याया लागतंय." हा तुझा हट्ट मला शेवटपर्यंत कळला नाही. मी त्याला तुझ्या चक्रमपणाच्या खात्यात टाकलं होतं आणि ते खातं चांगलंच भरलेलं होतं.

मग तो हादरा आला. कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. तुझं पोट तेव्हा दुखायला लागलं होतं, पण तू ओवा खाऊन चालवत होतास. नोंद आली, आपण पाठीला पाठ लावून बसलो. आणि माझ्या पडद्यावर, हादऱ्याच्या अगदी पाठोपाठ, जिथं असायला पाहिजे तिथंच, एक टेकाड उभं राहिलं होतं. मायाप्पा, गोणपाटाचा काही उपयोग झाला नाही, मी उभाच राहिलो. माझ्या चिठ्ठीवर मी लिहिलं, 'आहे', आणि खाली रेघ ओढली. तू तुझी चिठ्ठी सावकाश लिहिलीस. तीवर होतं, 'चौथ्या खणात न्हाई'.

आपल्या उपकरणाचे चार खण. आभाळातून खरा झोत आला तर चारही खणांत दिसायला हवा, पावसाची सर शेजारच्या चार पत्र्यांवर वाजते तसा. आपलं टेकाड दोन खणांत ठसठशीत होतं, तिसऱ्यात असल्यासारखं वाटत होतं, आणि चौथा खण गप्प. मी म्हटलं, चौथा खण कधीपासून बिघडलेलाच आहे, त्याचं काय घेऊन बसलास? आणि वेळ बघ की! नेमकी त्याच वेळेला उसळी कशी येईल?

"येळंवर आलं म्हनून खरं न्हवं रं. पाव्हना जेवायच्या येळंला आला म्हंजे त्याला आवतन हुतंच असं कुठं हाय?"

मी हसलो नाही. पुण्याला आपण कळवलं की तपास चालू आहे, पक्कं काही म्हणता येत नाही. आणि त्यानंतर तुझ्या दुखण्याचाच तपास सुरू झाला.

मिरजेच्या त्या दवाखान्यात तू सगळ्यांना आपला वाटायला लागलास. तपासण्या व्हायच्या आणि काही निघायचं नाही. तू सिस्टरला म्हणायचास, "तुमी बी आमच्यासारखंच. काय न्हाई ते सांगताय. चांगलं हाय." बरं वाटत असेल त्या सकाळी तू मला तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत चालत न्यायचास. ओळखीच्या दुकानात तारा जुळवत बसलेल्या कारागिरापाशी तू डोळे मिटून बसायचास आणि मी बाहेर उभा राहून घड्याळ बघायचो. एकदा तू मला आत ओढलंस, "बस जरा. काय काम न करता बस." मी बसलो. ती सकाळ माझ्याजवळ आहे. इतकी वर्षं आपण एकमेकांकडे पाठ करून बसलो, त्या दिवशी शेजारी शेजारी बसलो आणि काहीही शोधत नव्हतो.

दुखणं लबाड निघालं. दिसलं तेव्हा फार पसरलं होतं.

तरी भांडण सोडलं नाहीस. पलंगावर उशीला टेकून तू लॅपटॉप मांडीवर घ्यायचास. मी पुन्हा तेच म्हटलं, की चौथा खण बाजूला काढू आणि उरलेल्या तिघांवर हिशेब मांडू. तो आधीच अर्धा मेलेला आहे, त्याला साक्षीला का धरायचं?

तू माझ्याकडे बघितलंस. "आजारी मानसाची साक्ष चालत न्हाई व्हय रं?"

मग तूच हसलास, पोट धरून, आणि हसताना दुखलं म्हणून मला शिवी दिलीस. म्हणालास, "वर्षभराची नोंद चाळ. चौथ्याला सोडून असली टेकाडं एरवी किती येत्यात बघ. मग भांडू." मी यंत्राला ते काम लावलं. ते संपायच्या आधी तू गेलास. भांडायचं राहिलं.

तुला पोचवून आल्यावर मी खोलीत गेलो. काम संपलं होतं. असली टेकाडं माळावरच्या कुसळांसारखी निघाली, कुठल्याही हादऱ्याशिवाय, कुठल्याही दिवशी. म्हणजे तुझंच बरोबर होतं. मी खुर्चीत मागं रेललो, करकर झाली, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी सुरेखा वहिनींचा फोन आला. तुझी बायको एवढं मोठं दुःख गिळून शांतपणे बोलत होती. "भावजी, त्या शोधाला ह्यांचं नाव लागंल का? पोरगी इचारती, पप्पानं काय हुडकलं म्हनून. मला नीट सांगता यीना."

त्यानंतर मी काय केलं ते तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. मी नोंद परत उघडली. चौथा खण काढून टाकला. तपासायची वेळ थोडी आवळली, जास्त ऊर्जेचे किरण तेवढे मोजले. प्रत्येक बदलाला कारण देता येत होतं, बरं का. एकही कारण खोटं नव्हतं. आणि खात्रीचा आकडा इतका देखणा आला की मी बघतच राहिलो. एवढं पाठवलं असतं तर 'संभाव्य झोत' म्हणून तुझ्या नावानं जगभर गेलं असतं. पुढं कुणी तपासून खोडलं असतं, किंवा नसतंही. तुझ्या लेकीला सांगायला एक गोष्ट झाली असती. टेबलावर माझी चिठ्ठी होती. दुसरी चिठ्ठी लिहिणारा कुणी उरला नव्हता. मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि परत तिकडं फिरकलो नाही. किल्ली विभागप्रमुखांना देऊन टाकावी असंही मनात येऊन गेलं.

तर असा मी तुझ्या मांडवात आलो. सरपंच बोलले, तुझ्या शाळेचे गुरुजी बोलले, सगळ्यांनी 'शोध' हा शब्द वापरला. प्रत्येक वेळी वहिनी मान वर करून बघायच्या. तुझी पोरगी त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. आण्णा, तुझे वडील, जन्मभर मेंढरं राखलेले, खांबाला पाठ लावून घोंगड्यावर बसले होते, काठी आडवी मांडीवर. माझं नाव पुकारलं. माईक हातात घेईपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं, हे तुला खरं सांगतो. म्हणावं, त्याला एक झोत दिसला होता. चार दिवस तरी दुःख हलकं होईल. कुणाचं काय जाणार?

आणि मग मला तुझं बोट दिसलं, आडवं हलणारं.

मी म्हणालो, "मायाप्पाला ते किरण सापडले नाहीत. आम्ही दोघांनी लय बघितलं. एकदा मला वाटलं सापडले. तो म्हणाला, नाहीत. तोच बरोबर होता."

बाहेर आचाऱ्याचा झारा कढईवर वाजत होता. बिराप्पानं मान वळवून फाट्याकडं बघितलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं. मी मित्राच्या उत्तरकार्याला येऊन त्याचं नाव धुळीला मिळवलं.

आण्णांनी काठी जमिनीवर टेकवली. "मास्तर," ते म्हणाले, "कुठं कुठं बघितलं त्यानं?"

मी सांगितलं. आभाळाचा कुठला भाग दिसायचा, कुठला पृथ्वीच्या आड जायचा, कधी उपकरण बंद असायचं. तू लिहायला लावायचास ते सगळं मला पाठ होतं.

"आन ते सांगितलं का बाकीच्यास्नी? का गावलं न्हाई म्हनून तिथंच बसून ऱ्हायला?"

"सांगितलं की, आण्णा. आधी लिहून पाठवायचा, वर फोन करून सांगायचा. दर वेळी. मी ओरडायचो त्याला."

"मग झालं की," आण्णा म्हणाले, आणि मांडवाकडं वळले. त्यांना माईक लागत नाही. "मेंढरू चुकलं म्हंजे मानसं चारी बाजूला जात्यात. ज्याला गावलं त्यो वरडत येतोच, त्येचं काय कवतिक न्हाई. ज्याला गावलं न्हाई त्यानं माघारी यून सांगायचं आस्तंय, माझी बाजू झाली म्हनून. त्यो न्हाई आला तर बाकीची मानसं तीच बाजू परत तुडवत बसत्यात. तवर लांडगं मेंढरू घिऊन जातंय."

"मी एकदा न्हवतो आलो," बिराप्पा मागून म्हणाला. "टपरीवर च्या पित बसलो हुतो. काकानं काठीनं सोलला हुता मला."

"मग? सोलायचाच," आण्णा म्हणाले, आणि मांडवात पहिल्यांदा लोक हसले. म्हाताऱ्या माना हलवायला लागल्या. न सापडल्याचं सांगणं म्हणजे काय, हे त्या मांडवात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मी माईक धरून तसाच उभा होतो. मायाप्पा, एवढी वर्षं मला वाटायचं हा चक्रमपणा तू विलायतेतल्या कुठल्या शास्त्रज्ञाकडून उचललास. तू कधी सांगितलं का नाहीस रं? का तुला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही? मी तुझा हट्ट म्हणून सोसलं ते तुझ्या घरची रीत होती, आणि तू ती दर वेळी माझ्याकडून पाळून घेत होतास. मला आता त्या सगळ्या दुपारींचा हेवा वाटतो. ज्या दुपारी मी घड्याळ बघत होतो त्या दुपारी मला काय मिळत होतं ते मला कळत नव्हतं.

जेवणं झाल्यावर वहिनी जवळ आल्या. "म्हंजे नाव कुठंच लागलं न्हाई ह्यांचं?"

"लागलंय की, वहिनी. प्रत्येक अहवालावर आहे. ते बघून बाकीच्यांनी आपल्या दुर्बिणी दुसऱ्या बाजूला वळवल्यात. पोरीला वाचून दाखवायला मी येईन."

"मराठीत सांगा म्हंजे झालं," वहिनी म्हणाल्या, आणि थोडं हसल्या. मग बिराप्पाला हाक मारून म्हणाल्या, "भावजी, ती लाल अक्षरांची वळ तेवढी झाका."

"फ्लेक्सच काढू का?" बिराप्पानं पडेल आवाजात विचारलं.

"ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "फोटू चांगला आलाय."

बिराप्पा शिडी घेऊन गेला. पांढरी चिकटपट्टी लावून त्यानं ती ओळ झाकली, जरा वाकडी. कोट माझा आहे हे मी कुणाला सांगितलं नाही.

मला सोडायला आण्णा फाट्यापर्यंत चालत आले. नको म्हटलं तरी आले. एसटीला वेळ होता. आम्ही तुझ्या फोटोखाली उभे राहिलो, दोघंही वर न बघता.

"मास्तर, ऱ्हायलेली बाजू आता कोन बघतंय?"

माझा हात खिशातल्या किल्लीवर होता. "मी बघतोय, आण्णा."

"एकलाच?"

"सध्या एकलाच."

आण्णा माळाच्या टोकाकडं बघत राहिले. तुझं नाक, तुझी हनुवटी. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "मग सावकास बघा," ते म्हणाले. "लय दांडगं हाय ते आभाळ."

सोमवारी मी खोली उघडली, गड्या. काढलेला खण परत हिशेबात घेतला आणि अख्खी दुपार बसून अहवाल लिहिला. चौथ्या खणात काही नव्हतं. तू होतास म्हणून मला ते लिहिता आलं.